पैसे गेले, दोष कुणाचा? प्रोफेसर रॉस अँडरसन यांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्न

२०१८ सालची गोष्ट. पालकसभा संपली, सगळे पांगले, पण आमच्या एका विद्यार्थ्याचे वालिद दाराशीच घुटमळत होते. बेकरीत काम करणारा माणूस, बोलायला संकोची. त्यांच्या खात्यातून दोन वेळा मिळून अकरा हजार रुपये गेले होते. कार्ड घरात, अम्मीच्या पेटीत. बँकेत गेले तर खिडकीवरून उत्तर मिळाले, "पिन टाकूनच पैसे निघालेत. पिन तुम्हालाच माहीत. म्हणजे तुम्ही काढले, नाहीतर घरातल्या कुणीतरी." घरी येऊन त्यांनी दहावीतल्या मुलाला मारले. मुलगा रुसून मामाकडे निघून गेला. "सर, पैसे काय, आज ना उद्या कमवू," ते म्हणाले. "पण पोरावर शक घेतला, त्याचं काय करू?"

त्यावेळी आमच्याकडे धड उत्तर नव्हते. नंतर मुलांना करिअरचे मार्गदर्शन करताना कॉम्प्युटर सुरक्षेवर वाचन सुरू केले, तेव्हा एक नाव पुन्हा पुन्हा समोर आले: केंब्रिज विद्यापीठाचे प्रोफेसर रॉस अँडरसन. बेकरीवाल्या भाईंना मिळालेले उत्तर हजारो मैलांवर, पंचवीस वर्षांपूर्वी, इंग्लंडमधल्या लोकांनाही मिळत होते. ते उत्तर खोटे कसे ठरू शकते, हे या माणसाने पुराव्यानिशी दाखवले. त्यांच्या कामाची ओळख आपल्या घराघरांत व्हावी, म्हणून हा लेख.

पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी

रॉस अँडरसन यांचा जन्म १९५६ चा. शाळा ग्लासगोत झाली. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून गणित आणि विज्ञान शिकून ते १९७८ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर लगेच प्राध्यापकी केली नाही. विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बँकांच्या संगणक प्रणाली अशा क्षेत्रांत कित्येक वर्षे काम केले. १९९२ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ते पुन्हा केंब्रिजला आले आणि रॉजर नीडहॅम या नामवंत संशोधकाच्या हाताखाली पीएच.डी. करू लागले. १९९५ मध्ये पीएच.डी. झाली, त्याच वर्षी ते तिथेच व्याख्याते झाले आणि २००३ मध्ये 'सिक्युरिटी इंजिनिअरिंग' या विषयाचे प्रोफेसर. २००९ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली. पुढे एडिंबरा विद्यापीठातही ते शिकवत होते. २८ मार्च २०२४ रोजी केंब्रिजच्या राहत्या घरी, ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. स्कॉटलंडची बॅगपाइप वाजवण्याचा आणि जुन्या धून जमवण्याचा त्यांना शौक होता.

बँकांच्या यंत्रणा आतून पाहिलेला माणूस विद्यापीठात आला, ही गोष्ट महत्त्वाची. पुस्तकातले कुलूप आणि दारावरचे कुलूप यांत काय फरक असतो, हे त्यांना ठाऊक होते.

गुपिताचे गणित

क्रिप्टोग्राफी म्हणजे मजकूर असा बदलून टाकणे, की ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच तो वाचता यावा. हा इल्म आपल्याला परका नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने सांकेतिक मजकूर उलगडण्यावर ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती साधी होती. कुठल्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीचा एखादा उतारा घेऊन मोजा. 'त', 'र' पुन्हा पुन्हा भेटतील, 'ढ' शोधावा लागेल. सांकेतिक मजकुरात जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा येते, त्यामागे भाषेतले नेहमीचे अक्षर लपलेले असणार. या मोजणीने कित्येक शतकांची गुपिते उघडी पडली.

आजच्या पद्धती अशा मोजणीने फुटत नाहीत. अँडरसन यांनी स्वतः अशी एक पद्धत रचली होती. अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभरातून नवी सांकेतिक पद्धत मागवली. एली बिहॅम आणि लार्स क्नुडसेन यांच्यासोबत अँडरसन यांनी 'सर्पंट' नावाची रचना पाठवली. पंधरा प्रवेशिकांतून अंतिम पाच निवडल्या गेल्या, त्यांत ती होती. २००० मध्ये निवड मात्र बेल्जियमच्या दोन संशोधकांच्या रचनेची झाली. तीच आज 'एईएस' या नावाने आपल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत वापरली जाते.

म्हणजे गणित अँडरसन यांना चांगलेच येत होते. तरीही त्यांची कीर्ती झाली ती एका वेगळ्या शोधामुळे. बँकांचे पैसे चोरीला जातात तेव्हा चोराने गणित सोडवलेले नसते, असे त्यांच्या ध्यानात आले.

४३ वेळा दोनशे पौंड

१९९३ मध्ये त्यांनी एक निबंध सादर केला. विषय होता, सुरक्षा यंत्रणा प्रत्यक्षात फसतात कशामुळे. त्या काळी ब्रिटनमध्ये 'न काढलेले पैसे गेले' अशा तक्रारी खूप येत होत्या. बँका म्हणत, आमच्या एटीएममध्ये चूक होऊच शकत नाही. अँडरसन यांनी खऱ्या घटना गोळा केल्या.

हेस्टिंग्ज गावातल्या एका गृहिणीची हकीकत त्यात आहे. बँकेतल्याच एका कारकुनाने तिच्या खात्यावर दुसरे कार्ड काढून घेतले. त्या बँकेच्या यंत्रणेत एक विचित्र सोय होती. एटीएमवरून खात्याचा उतारा घेतला, की त्यातल्या नोंदी घरी पाठवल्या जाणाऱ्या उताऱ्यात येत नसत. कारकुनाने याचा फायदा घेतला. त्याने ४३ वेळा, दर वेळी २०० पौंड काढले. बाईने तक्रार केली तर तिच्यावरच अविश्वास दाखवण्यात आला, तिला त्रास दिला गेला. चोर सापडला तो तपासामुळे नव्हे. त्याचे मन त्याला खाऊ लागले आणि त्याने स्वतःच कबुली दिली.

आणखीही प्रकार होते. चोर एटीएमच्या रांगेत उभे राहून पुढच्याचा पिन बघत. मग त्याने टाकून दिलेली पावती उचलत. त्या काळी काही पावत्यांवर पूर्ण खाते क्रमांक छापलेला असे. तो कोऱ्या कार्डाच्या चुंबकी पट्टीवर उतरवला, की काम झाले. एका प्रकारच्या मशीनमध्ये चाचणीसाठी चौदा आकडी क्रमांक होता. तो दाबला की मशीन दहा नोटा बाहेर टाकी. एका बँकेने हा क्रमांक शाखांच्या माहितीपुस्तकातच छापून टाकला! एका छोट्या संस्थेने तर सगळ्या ग्राहकांना एकच पिन दिला होता.

यांतल्या एकाही चोरीसाठी सांकेतिक गणित तोडावे लागले नाही. घराला पोलादी दरवाजा बसवावा आणि किल्ली कुंडीखाली ठेवावी, तसा हा कारभार होता. "पिन टाकूनच पैसे निघाले" हे वाक्य खरे असू शकते. पण "म्हणून तुम्हीच काढले" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

फिर्यादीच आरोपी

अँडरसन कोर्टातही तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहत. केंब्रिजजवळच्या गावातल्या एका पोलीस शिपायाचे प्रकरण गाजले. १९९२ मध्ये हा शिपाई सुट्टीवरून परतला, तर खात्यात त्याला आठवत नसलेले सहा व्यवहार होते, एकूण ४६० पौंडांचे. तो तक्रार घेऊन गेला. संस्थेचे म्हणणे, आमची यंत्रणा सुरक्षित आहे, तेव्हा हा माणूसच खोटे बोलून पैसे उकळतो आहे. फिर्याद द्यायला गेलेल्या माणसावर फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला झाला आणि १९९४ मध्ये तो दोषीही ठरला.

अपिलात बचाव पक्षाने सांगितले, यंत्रणा सुरक्षित आहे म्हणता ना, मग आमच्या तज्ज्ञाला ती तपासू द्या. तज्ज्ञ अँडरसन होते. संस्थेने परवानगी नाकारली. कोर्टाने मग संगणकाचा तो पुरावाच बाजूला ठेवला. १९९६ मध्ये शिपाई निर्दोष सुटला. तोवर त्याच्या आयुष्यातली चार वर्षे गेली होती, कपाळावर चोरीचा डाग घेऊन.

अँडरसन यांनी यातून धडा काढला: जी यंत्रणा कोर्टात पुरावा म्हणून वापरायची, ती विरोधी बाजूच्या तज्ज्ञाने उलटसुलट तपासली तरी टिकेल अशीच बनवली पाहिजे. "आमच्यावर विश्वास ठेवा" हा पुरावा होत नाही. आपल्याकडे शरियतच्या न्यायातही दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हे मूलभूत तत्त्व आहे. तेव्हा हा मुद्दा आपल्या वाचकांना लगेच पटावा.

नुकसान कुणाच्या खिशातून?

इथून अँडरसन यांना आणखी एक गोष्ट दिसली. अमेरिकेत १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने अशाच वादात ग्राहक महिलेच्या शब्दावर विश्वास ठेवला. तिथल्या नियमांनीही पुरावा देण्याचा भार बँकेवर टाकला. ब्रिटनमध्ये हा भार व्यवहारात ग्राहकावर येत होता. मग अमेरिकी बँकांचे दिवाळे निघाले का? नाही. नुकसान आपल्याच खिशातून जाणार हे कळल्यावर त्यांनी नेमकी जिथे गळती होती तिथे डागडुजी केली. ब्रिटिश बँकांना तक्रारदाराला हाकलून देता येत होते, म्हणून त्या निष्काळजी झाल्या. परिणामी त्यांचा सुरक्षेवरचा खर्चही जास्त आणि फसवणूकही जास्त.

शाळेचे उदाहरण घ्या. वर्गातली खिडकी फुटली की भरपाई नेहमी मुलांकडूनच घ्यायची असे ठरले, तर मोडकी कडी कोण दुरुस्त करील? कडी दुरुस्त करणे ज्याच्या हातात, भरपाई त्याने द्यायची असे ठरवून बघा.

२००१ मध्ये अँडरसन यांनी हा विचार एका निबंधात मांडला आणि 'सुरक्षेचे अर्थशास्त्र' अशी एक नवी अभ्यासशाखाच उभी राहिली. २००२ पासून तिची दरवर्षी परिषद भरते. तिचे सार असे सांगता येईल: जो यंत्रणा सुधारू शकतो त्याला नुकसान सोसावे लागत नसेल, तर ती यंत्रणा सुधारत नाही.

चिप आली, तक्रारी थांबल्या नाहीत

पुढे चुंबकी पट्टी जाऊन कार्डावर चिप आली. २००६ पर्यंत ब्रिटनभर चिप आणि पिनची पद्धत रुळली. आता तर चूक अशक्य, असे बँका पुन्हा म्हणू लागल्या. २०१० मध्ये स्टीव्हन मर्डोक, सार ड्रिमर, माइक बाँड आणि अँडरसन या केंब्रिजच्या गटाने दाखवले, की चोरलेले कार्ड पिन माहीत नसतानाही दुकानात चालवता येते.

युक्ती अशी. कार्ड आणि दुकानातले मशीन यांच्यामध्ये एक छोटे उपकरण बसवायचे. मशीनला ते सांगते, "पिन बरोबर आहे." कार्डाला सांगते, "इथे पिन नको, सहीवर व्यवहार चालू आहे." दोघांचा विश्वास बसतो. चोराने ०००० दाबले तरी पैसे जातात आणि पावतीवर येते, पिन तपासला. दोन भावांमध्ये निरोप पोचवणाऱ्याने दोघांनाही खोटे सांगावे, तसे. हे सगळे प्रयोगशाळेपुरतेच आहे, असे त्यावर म्हटले गेले. पण फ्रान्समध्ये २०११ मध्ये चोरांनी खरोखर याच मार्गाने पैसे लुटले होते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपास-अभ्यासातून पुढे आले.

याच सुमारास एक प्रसंग घडला, तो आम्हा शिक्षकांना फार भावला. ओमर चौदरी या विद्यार्थ्याने एम.फिल.च्या प्रबंधात या विषयावरचे उपकरण तयार केले होते. २०१० च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या कार्ड कंपन्यांच्या संघटनेने विद्यापीठाला पत्र लिहिले, हा प्रबंध इंटरनेटवरून काढून टाका. उत्तर अँडरसन यांनी दिले. मजकूर खरा आहे, कायदेशीर आहे, कुणा बलाढ्य संस्थेला अडचणीचा वाटतो म्हणून केंब्रिज तो दडपणार नाही, असा त्याचा आशय होता. न्यूटन आणि डार्विनच्या विद्यापीठाकडून तुम्ही ही अपेक्षा तरी कशी केली, असेही सुनावले. वर कळवले, की आता हा प्रबंध विभागाचा अधिकृत अहवाल म्हणून प्रसिद्ध होईल, म्हणजे लोकांना तो आणखी सहज सापडेल. विद्यार्थ्यामागे उस्ताद असा उभा राहावा.

ब्रिटनमधला कायदाही पुढे बदलला. २००९ च्या नियमांनुसार, ग्राहकाने व्यवहार नाकारला तर केवळ पिन वापरला गेला एवढ्यावरून ग्राहकाचाच दोष आहे असे आपोआप सिद्ध होत नाही.

गरिबाच्या मीटरमधले गणित

अँडरसन यांनी फक्त बँकांच्या चुका काढल्या असे नाही. हेच शास्त्र गरिबाच्या कामी कसे येते, तेही त्यांनी पाहिले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर लाखो घरांत वीज पोचवायची होती. पण अनेकांना बँक खाते नाही, काहींना धड पत्ताही नाही, मग बिल पाठवणार कुठे? तोडगा निघाला आगाऊ पैसे भरायच्या मीटरचा. दुकानात पैसे द्यायचे, वीस आकडी क्रमांक घ्यायचा, तो घरच्या मीटरवर दाबायचा. हा क्रमांक म्हणजे सांकेतिक केलेला निरोपच. तो त्याच मीटरला उलगडतो आणि एकदाच चालतो. शेजाऱ्याचा क्रमांक दाबून उपयोग नाही. अँडरसन यांनी या यंत्रणेवर काम केले आणि १९९६ मध्ये तिच्या भरवशाविषयी लिहिले.

गंमत अशी, की इथेही गणित टिकले आणि भलतेच काही फसले. एका बनावटीच्या मीटरमध्ये विजेचा दाब ठरावीक पातळीखाली उतरला की शिल्लक आपोआप पूर्ण भरलेली दिसे. हे कळताच पोरे विजेच्या मोठ्या तारांवर लोखंडी साखळ्या फेकू लागली, म्हणजे अख्ख्या वस्तीची मीटरे भरून जात. एक लाखाहून जास्त मीटरे काढून दुरुस्त करावी लागली. मीटर बनवणाऱ्याने चोर डोळ्यासमोर ठेवला होता, पण दाब कमी झाला तर काय, याचा विचार केला नव्हता.

डॉक्टरची वही, फोनमधला निरोप

१९९५ च्या सुमारास ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेने अँडरसन यांचा सल्ला घेतला. रुग्णांच्या नोंदी मोठ्या संगणकात एकत्र करण्याची सरकारी योजना होती. त्यांचे म्हणणे होते, माहितीचा ढीग जितका मोठा आणि त्याला हात लावणारे जितके जास्त, तितकी ती फुटण्याची शक्यता वाढते. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट म्हणजे अमानत. ती कोण वाचतो हे रुग्णाला कळले पाहिजे.

निरोपांच्या गुप्ततेबद्दलही ते अखेरपर्यंत बोलत राहिले. सरकारांना वाटते, प्रत्येक सांकेतिक यंत्रणेची एक जादा किल्ली आपल्याकडे असावी, गुन्हेगार पकडायला बरे. १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये जगातल्या नामांकित तज्ज्ञांनी एकत्र येऊन याचे धोके मांडले. दोन्ही वेळा अँडरसन त्यांच्यात होते. मुद्दा सरळ आहे: पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली पोलिसाला सापडते तशी चोरालाही सापडते.

आपल्या इथे हक काय आहे?

आता आपल्या घरी येऊ. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच काढले. त्यातल्या मुख्य गोष्टी प्रत्येक घरात माहीत हव्यात:

- चूक किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल, तर ग्राहकावर नुकसानीचा भार नाही.
- चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास भार मर्यादित. त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे.
- ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.
- ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे बँकेचे.

नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या बँकेकडून सध्याचे धोरण लेखी मागून घ्यावे. तक्रार तोंडी करू नये. अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तारीख टाकावी. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक तात्काळ फिरवावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पिनबद्दलही अँडरसन यांच्या गटाचा एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. जोसेफ बोनो, झोरेन प्राइबुश आणि अँडरसन यांनी २०१२ मध्ये लोक पिन कसा निवडतात ते तपासले. पुष्कळ लोक जन्मतारीख ठेवतात, आणि पाकिटात कार्डाशेजारीच जन्मतारीख असलेले ओळखपत्र असते. हुशार चोराला अशी ११ ते १८ पाकिटे मिळाली, तर त्यांतल्या एकाचे तरी कार्ड चालवता येईल, असा त्यांचा हिशेब निघाला. वाचकहो, आज घरी गेल्यावर सगळ्यांचे पिन आठवून बघा. मुलाची जन्मतारीख असेल तर उद्याच बदला.

मुलांच्या तालीमसाठी

"कॉम्प्युटर सुरक्षेत जायचं म्हणजे हॅकर व्हायचं का?" असे मुले आम्हाला विचारतात. वालिदैन विचारतात, "नोकरी लागेल का?" अँडरसन यांचे आयुष्य दोघांनाही उत्तर देते. या क्षेत्राला गणित हवे, पण कायदा समजणारे, हिशेब समजणारे, माणसाचा स्वभाव ओळखणारेही हवेत. २००८ मध्ये सुरक्षा आणि मानवी वर्तन यावर दरवर्षी भरणारी बैठक सुरू करणाऱ्यांत ते होते. माणूस फसतो कसा, याचा अभ्यास मानसशास्त्र शिकणारी मुलगीही करू शकते. उशीर झाला असेही समजू नये. पीएच.डी. पूर्ण झाली तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

'सिक्युरिटी इंजिनिअरिंग' हे त्यांचे जाडजूड पुस्तक २००१ मध्ये निघाले, पुढे २००८ आणि २०२० मध्ये सुधारून आले. त्याची प्रकरणे त्यांनी इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचायला ठेवली, व्याख्यानांचे व्हिडिओही ठेवले. इंग्रजी सोपी आहे, गोष्टी भरपूर आहेत. अकरावी-बारावीच्या मुलाने रोज दोन पाने वाचली तरी खूप मिळेल. इल्म वाटल्याने वाढतो, हे आपण मुलांना सांगतो. त्या माणसाने ते करून दाखवले.

राहिली बेकरीवाल्या भाईंची गोष्ट. त्यांना आम्ही नीट अर्ज लिहून दिला आणि पैसे कुठल्या मशीनमधून, किती वाजता निघाले याची माहिती मागितली. उत्तर यायला वेळ लागला. मशीन दुसऱ्या जिल्ह्यातले निघाले, वेळ सकाळी साडेअकराची. त्या दिवशी, त्या वेळी त्यांचा मुलगा आमच्या समोर बाकावर बसलेला होता. हजेरीपट आमच्याच कपाटात होता, त्याची प्रत अर्जाला जोडली. तीन महिन्यांनी पैसे जमा झाले.

मुलगा त्याआधीच घरी आला होता. हजेरीपटाची ती प्रत घेऊन अब्बा स्वतः मामाच्या घरी त्याला आणायला गेले होते.